भोकाचं नाणं

सोमवार, ४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. चष्म्याची काडी मोडली हे तू पहिल्या दोन परिच्छेदांत लिहितोस, आणि समोरच्या घड्याळवाल्यांच्या घरी दिवसाढवळ्या चोरी झाली हे तिसऱ्यात, तेही ओझरतं. वाचता वाचता माझा चहा निवला. चोर तुझ्या दारापासून चाळीस पावलांवर येऊन गेला आणि तू काडीचं रडगाणं गातोयस.

दादा, आता मी जरा स्पष्ट बोलते. एकतीस वर्षं तू बसवर कंडक्टर होतास. लोकांनी गर्दीचा फायदा घेऊन तुला परकी, झिजलेली, बंद झालेली नाणी खपवली, आणि तू ती स्वतःच्या खिशातून भरून घरी आणलीस. आम्ही हसलो. पण त्या एकशे त्रेचाळीस नाण्यांतली दहा-बारा खरोखर किमती निघाली, हे तो जाणकार सांगून गेला त्याला आता सहा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तू काय खबरदारी घेतलीस? बिस्किटांच्या डब्यात ठेवून डबा कपाटावर ठेवलास, आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवलीस, ‘नाणी’. उद्या चोराला शोधायला त्रास नको म्हणून बाणही काढ.

बरं, डब्याचं एक वेळ सोड. तुझ्या तोंडाला झाकण कोण लावणार? मी मागे आले तेव्हा वीजमीटर बघायला आलेल्या माणसाला तू अर्धा तास बसवून घेऊन एकेक नाणं दाखवलंस. दूधवाल्याला तर कुठलं कोणत्या खाली आहे तेही पाठ असेल.

बाकीची गेली तर जाऊ देत, मी एवढं मनाला लावून घेणार नाही. पण त्यात वहिनीचं नाणं आहे. ते गेलं तर तुझं काय होईल ते मला माहीत आहे, म्हणून हे पत्र. बँकेत खण मिळतो का, उद्याच विचार. माझ्या दुकानात सध्या एका मोठ्या सभागृहाचे पडदे शिवायला आलेत, मान वर करायला सवड नाही. नाहीतर पत्राऐवजी मीच आले असते.

रागावले म्हणून लोभ कमी झाला असं समजू नकोस, उलटच आहे.

तुझी,
चिमणी

 

मंगळवार, १२ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

एकसष्ट वर्षांच्या बाईला चिमणी म्हणताना मला अजून काही वाटत नाही, पण तुझं पत्र वाचून या वेळी घारीने लिहिलंय असं वाटलं. असो. तू म्हणतेस ते सगळं खरं आहे, हे आधी कबूल करतो म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

बँकेत गेलो होतो. खण बघितला. तळघरात, भिंतीत, हाताच्या वितीएवढा. उघडायचा तर अर्ज, सही, आणि दुपारी तीनच्या आत. रोज संध्याकाळी चहानंतर मी डबा उघडतो हे तुला माहीत आहे. त्या बँकेतल्या बाईंना मी रोज येऊ का विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत आलो.

मग कुलूप आणलं. चांगलं जाड. कुलूपवाल्याने विचारलं कशासाठी, तर मी सांगितलं. त्याच्या दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती. घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की कुलपाबरोबर मी बातमीही वाटून आलो. चिमणे, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. एकतीस वर्षं दर थांब्याला ओरडून सांगायचंच काम केलं, आता पोटात ठेवायला कुठून शिकू?

तुझ्या वहिनीचं नाणं तेवढं राहिलं पाहिजे. तुला ती गोष्ट माहीत आहे, तरी लिहितो, कारण मला लिहावीशी वाटते. ती बसमध्ये चढली, मधोमध भोक असलेलं कुठलंसं परकं नाणं माझ्या हातावर ठेवून उतरूनही गेली. दुसऱ्या दिवशी चूक कळल्यावर खरे पैसे घेऊन आली आणि म्हणाली, माझं ते नाणं परत द्या. मी म्हणालो, घरी राहिलंय, उद्या आणतो. अडतीस वर्षं झाली, तो उद्या काही आला नाही. शेवटच्या दुखण्यात ती तेच नाणं घेऊन पडलेली असायची. बोटाचं टोक त्या भोकात घालून हळूहळू फिरवत राहायची. खालची नर्सबाई इंजेक्शन द्यायला आली तरी ती ते सोडत नसे.

तर माझी एक विनंती आहे. तू ये. सगळी नाणी घरातच कुठेतरी लपव. आणि कुठे ते मला सांगू नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस, गळ घातली तरी नको. मला माहीत नसेल तर मी कोणाला सांगणार? संध्याकाळी डबा उघडता येणार नाही, पण ती घरात आहेत एवढं पुरेल मला.

सभागृहाचे पडदे झाले की ये. लोभ आहे, तो वाढता ठेव. काडी दोऱ्याने बांधली आहे, कानाला टोचते.

तुझा,
दादा

 

शनिवार, २ मार्च

चि. छकुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. मी गमतीने लिहीत नाही.

चार दिवस तुझ्या बाबांकडे राहून कालच परत आले. तब्येत उत्तम, केस कापायला झालेत, एकटेपणाबद्दल विचारलं तर विषय बदलतो. नाणी लपवण्याचा प्रकार त्याने तुला कळवलाच असेल. त्याने कोणाला कळवलं नाही असं काहीच नसतं. पण जागा त्याला माहीत नाही. ती फक्त मला माहीत आहे, आणि माझं वय आणि गुडघे बघता आणखी एका माणसाला माहीत असावी म्हणून तुला लिहिते.

पडदा सरळ पडावा म्हणून आम्ही शिवणारे खालच्या दुमडीत शिशाच्या चकत्या घालतो. गिऱ्हाइकाला त्या कधी दिसत नाहीत, त्याला फक्त पडदा छान पडलेला दिसतो. तुझ्या घरचे तिन्ही पडदे सात वर्षांपूर्वी मीच शिवले होते. मी दुमडी उसवल्या, चकत्या काढल्या आणि तिथे नाणी घातली. प्रत्येक नाण्याला वेगळी कापडी पिशवी, म्हणजे खुळखुळ होणार नाही. हाताने तुरपाई, तीही दुहेरी. किमती नाणी सगळी पुढच्या खोलीच्या पडद्यात आहेत, कारण रस्त्यावरून येणारा-जाणारा जे रोज बघतो ते कोणी शोधत नाही. काही स्वयंपाकघराच्या पडद्यात. उरलेली तेवीस साधी नाणी मागच्या खोलीच्या पडद्यात, आणि त्यातच खुर्चीकडच्या टोकाला तुझ्या आईचं नाणं. ती त्याच खुर्चीत बसून केस विंचरायची. मला तीच जागा बरोबर वाटली.

मी शिवत होते तेव्हा बाबा दिवसभर डेपोवर जाऊन बसत होता. संध्याकाळी परत येताना जिन्यातूनच मोठमोठ्याने खोकायचा, मला आवराआवर करायला वेळ मिळावा म्हणून. शेवटच्या दिवशी इतका खोकला की शेजारीण औषधाची बाटली घेऊन आली.

बिस्किटांच्या डब्यात मी लोखंडी वॉशर आणि जुनी बटणं भरून ठेवली आहेत, वजन बरोबर यावं म्हणून. चिठ्ठी तशीच ठेवली.

तू दूर आहेस, दिवसभर दवाखान्यात उभी असतेस, वेळेवर जेवत जा. आत्याला दोन ओळी टाकायला फार वेळ लागत नाही.

तुझी,
आत्या

 

१४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं, फाडलं, तुकडे दोन वेगवेगळ्या टोपल्यांत टाकले. पण आत्या, मला कशाला सांगितलंस? मी कोणाची मुलगी आहे ते विसरलीस का? इथे क्ष-किरणांच्या खोलीत मी रोज शंभर माणसांच्या आत काय लपलंय ते बघते आणि कोणाला सांगत नाही, तेवढ्यानेच माझी शक्ती संपते.

बाबांचा काल फोन होता. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, तुला माहीत असेल तर सांगू नकोस. मग दहा मिनिटं स्वतःच अंदाज करत बसले. तेवढ्यात मी फोन कानाला धरून जेवून घेतलं. आईचं नाणं आईच्या खुर्चीजवळ आहे हे वाचून मला बरं वाटलं. तुझ्या हाताने ते झालं म्हणून जास्तच.

जेवते वेळेवर. बहुतेक. माझ्यावरची माया अशीच राहू दे.

तुझी,
छकुली

 

गुरुवार, १६ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच की मी ठीक आहे. मी घरी नव्हतो.

परवा दुपारी पेन्शनच्या कामाला गेलो होतो. परत आलो तर दाराची कडी उचकटलेली. आत सगळं उलटंपालटं. गादी उभी फाडलेली, पिठाचा डबा जमिनीवर ओतलेला, पुस्तकांची पानं मोकळी, तुझ्या वहिनीच्या कपड्यांची पेटी विस्कटलेली. आधी ते कपडे घडी घालून ठेवले. रेडिओ गेला. नाण्यांचा डबा गेला म्हणावा तर तो जिन्यातच सापडला. उघडून बघितला असावा. वरच्या पायरीपासून खालपर्यंत वॉशर आणि बटणं पसरली होती. ती गोळा करताना मला तुझी फार आठवण आली आणि थोडं हसूही.

पोलीस येऊन लिहून घेऊन गेले. माणसं सराईत होती म्हणाले. समोरच्यांना दिसू नये म्हणून पुढच्या खोलीचा आणि स्वयंपाकघराचा पडदा आधी व्यवस्थित ओढून घेतला होता. मागच्या खोलीत त्यांना तेही करता आलं नाही, कारण तिथे पडदाच नाही. तो मी गेल्या एप्रिलात खालच्या नर्सबाईला दिला. तिने घर बदललं, पदरात चार महिन्यांची मुलगी, नवी खिडकी थेट रस्त्यावर, आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोपायचं म्हणजे उजेडाचा त्रास. तुझ्या वहिनीला तिने तीन महिने रोज इंजेक्शन दिलं, एक पैसा घेतला नाही. पडदा हातात घेऊन म्हणाली, किती वजनदार कापड आहे. मी म्हटलं, माझी बहीण हलकं कापड वापरतच नाही.

आता तुला विचारतो. दहा महिने विचारलं नाही, फक्त अंदाज लिहून पाठवले आणि तू एकालाही दाद दिली नाहीस. घर त्यांनी असं पिंजून काढलंय की मला धीर धरवत नाही. जागा सांगू नकोस हवं तर. फक्त आहेत की गेली, एवढं सांग. आणि सगळ्यांचं नसेल सांगायचं तर तिच्या एकट्या नाण्याचं सांग.

उत्तराची वाट बघतो आहे. माझ्यावर माया आहे ती आज थोडी जास्त लागेल.

तुझा,
दादा

 

सोमवार, २० जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र घेऊन आधी खुर्चीत बस.

नाणी पडद्यांत होती. खालच्या दुमडीत, चकत्यांच्या जागी. पुढच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात आहेत ती सगळी सुखरूप असणार, किमती सगळी त्यांत आहेत. चोरांनी ती स्वतःच्या हाताने ओढली आणि सोडून दिली. हे वाचून मी हसायला हवं होतं.

पण वहिनीचं नाणं मागच्या पडद्यात होतं, दादा. तिच्या खुर्चीकडच्या टोकाला. ‘पडदाच नाही’ हे वाचलं आणि मी मशीन मध्येच थांबवलं. दुकानातल्या मुली विचारत होत्या काय झालं. चोरांपासून लपवलं आणि तुझ्याच हातून जाऊ दिलं, ही चूक माझी आहे. तुझा स्वभाव मला साठ वर्षं माहीत आहे. कोणाची खिडकी उघडी दिसली की तू पडदा काढून देणार, हे मला सुचायला हवं होतं. तोंड बंद ठेवता येत नाही एवढाच विचार मी केला, मूठ बंद ठेवता येत नाही याचा केला नाही.

नर्सबाई चांगली आहे. तिच्याकडे जा, सगळं सांग, ती लगेच देईल. ती तुरपाई उसवायला दहा मिनिटं पुरतील. नाहीतर मीच येते. मला दोन ओळी लगेच टाक, तोवर माझ्या हातून एक टीप सरळ पडायची नाही.

माझ्यावर रागाव, पण माझ्याशी बोलणं सोडू नकोस.

तुझी,
चिमणी

 

मंगळवार, २८ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही. आधी घाबरलो होतो. तुझं पत्र आलं तेव्हा पुढच्या खोलीतल्या पडद्याची कड हाताने चाचपत गेलो, एकेक गोल लागत गेला. दहा महिने मी रोज सकाळी हा पडदा सरकवत होतो. तू खरंच हुशार आहेस, हे तुला तोंडावर कधी म्हणणार नाही म्हणून लिहून देतो.

शुक्रवारी नर्सबाईकडे गेलो. बसने एक तास. कंडक्टर कोवळा मुलगा होता, तिकीट देताना नाणं न बघता घेत होता, माझी जीभ वळवळली पण काही बोललो नाही. काय सांगायचं ते मनात दहा वेळा घोळवलं. खिशात त्याच आकाराचं दुसरं एक नाणं घेतलं होतं. म्हटलं, तिच्या पडद्याचं वजन कमी व्हायला नको, हे घालू आणि आपलं काढून घेऊ.

नर्सबाईने चहा केला, तुझ्या वहिनीची आठवण काढली, मग मुलगी दाखवायला आतल्या खोलीत नेलं. खिडकी बुटकी आहे, तिला लागूनच मुलीचा पलंग. पडदा तुझाच, निळा, स्वच्छ धुतलेला. मुलगी झोपली होती आणि पडद्याचं टोक तिच्या मुठीत होतं. नर्सबाई हळू आवाजात म्हणाली, हे टोक हातात असल्याशिवाय ती झोपतच नाही. एकदा धुवायला काढला तर सबंध दुपार घर डोक्यावर घेतलं. शिवणीत बटण राहिलंय वाटतं, म्हणाली, पण तिला आवडतं म्हणून काढलं नाही.

मी वाकून पाहिलं. ती पूर्ण झोपली नव्हती. तिचं बोट हलत होतं. कापडावरून मधोमध दाबत होतं, गोल फिरत होतं, परत दाबत होतं. रोज दाबून दाबून तिथे कापडाला बारीकसा खळगा पडला आहे. तुझी वहिनी अगदी असंच करायची. मला रडू आलं, चिमणे. नर्सबाईने विचारलं तेव्हा म्हटलं, चष्म्याची काडी टोचते. दुसरं नाणं माझ्या खिशात होतं. पण त्याला भोक नव्हतं.

तुझी तुरपाई हात लावून तपासली. एक टाका हललेला नाही, नाणं सुटून तोंडात जायचं नाही, म्हणून त्या पोरीच्या बाबतीत निर्धास्त राहा. चहा घेतला, थोडा वेळ बसलो, निघालो. मी काही सांगितलं नाही. येताना बसमध्ये जरा पोकळ वाटत होतं. अजूनही संध्याकाळी वाटतं. पण ती जिवंत असती तर तिनेच मला तिथून हाताला धरून बाहेर काढलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

छकुलीला तू कळव, मला लिहवणार नाही. बाकी कोणालाच हे माहीत नाही. नर्सबाईलाही नाही. दूधवाल्यालाही नाही. गेले चार दिवस तो रोज दारात थांबून विचारतो की तुमची तब्येत बरी आहे ना, काही बोलत कसं नाही.

या पत्राने तुझं मन हलकं होऊ दे, आणि माझ्यावरचा तुझा जीव आहे तसाच राहू दे.

तुझा,
दादा

ता. क. मागच्या खिडकीला एक पडदा शिवून पाठव. खालच्या दुमडीत काही घालू नकोस. वाऱ्याने उडाला तर उडू दे, मी खुर्चीत बसून बघत जाईन.